बारा सारख्या बरण्या

व्यवस्थितपणात माझा हात धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही! एकतीस वर्षं कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. साडेचार हजार प्रकारचे सुटे भाग, आणि प्रत्येकाच्या खणावर पाटी. एकतीस वर्षांत एक वॉशर हरवला नाही. म्हणजे एक हरवला होता, पण तो साहेबांच्याच खिशात सापडला.

गेल्या महिन्यात निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात बघायचं कारण उरलं नाही. ही अजून नोकरीत आहे, शाळेच्या ऑफिसात. सकाळी नऊला ती डबा घेऊन जाते. मग घरात उरतो मी आणि सासूबाई. सासूबाईंना दिवसभर काम असतं आणि मला नसतं. रिकामा माणूस फार धोकादायक असतो हो! हे मला आता कळतंय.

सासूबाईंचं स्वयंपाकघर म्हणजे काटकसरीचं विद्यापीठ. त्या घरात काही फेकत नाहीत. मटारचे दाणे भाजीत, आणि टरफलं उकळून गाळून त्याचं सूप. फ्लॉवरचा पाला चिरून परततात. शिळ्या पावाचा चुरा भाजून भाजीवर भुरभुरवतात, आणि त्या चुऱ्यासाठी मी ताजी भाजी खातो हे सत्य आहे. आणि हे सगळं न चाखता! ‘चाखून स्वयंपाक करायचा म्हणजे स्वतःच्या हातावर अविश्वास,’ असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर पिशवी धरायला मी त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ लागलो. बाजार उठायच्या तासभर आधी जायचं, हा त्यांचा नियम. मी आपला किमतीच्या पाट्या वाचत हिंडायचो. त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नसत. टोमॅटोवरून अंगठा फिरवायच्या, वांगं कानाजवळ नेऊन दाबायच्या, कोथिंबिरीचा वास घ्यायच्या.

"मावशी, आजचाच माल आहे!" भाजीवाली म्हणायची.

"कालचा आहे गं बाई. पण चांगल्या घरचा आहे. दे अर्ध्या भावात."

भाजीवाली हसून द्यायची, वर बिटाचा पाला फुकट. जुड्यांना बांधलेली रबरंसुद्धा सासूबाई सोडायच्या नाहीत. ती मनगटात घालून घरी आणायच्या आणि स्वयंपाकघराच्या कडीला अडकवायच्या. कडीला त्या रबरांचा चांगला मुठीएवढा गुच्छ झाला होता.

सगळं मान्य! पण त्यांच्या फळीवरचे डबे बघून माझ्यातला स्टोअरकीपर रोज थोडा थोडा मरत होता. बारा डबे, बारा जातींचे. चेपलेला कॉफीचा डबा, चौकोनी जॅमची बरणी, खडबडीत काचेची मधाची बाटली, झाकण नसलेला बिस्किटांचा डबा. आणि कुठल्याही डब्यात बाहेर लिहिलेली वस्तू नाही! कॉफीच्या डब्यात कॉफी सोडून काहीही. पाहुणा चहा करायला गेला तर घरी परत जाईल की नाही याची खात्री नाही.

मंगळवारी ही अर्धी रजा काढून सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला तीन तास मिळाले. मी बाजारातून बारा काचेच्या बरण्या आणल्या. एकसारख्या! एकाच उंचीच्या, निळ्या झाकणाच्या. सगळं सामान त्यांत ओतलं, सुवाच्य अक्षरात पाट्या चिकटवल्या, पाट्या पुढे करून बरण्या ओळीत लावल्या. जुने डबे रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला दिले. त्याने मला त्या बदल्यात चिमूटभर पैसे आणि ‘साहेब’ अशी हाक दिली. दोन्ही मी घेतलं.

संध्याकाळी ही दारातच थबकली. "अगंबाई! दुकानच वाटतंय!"

सासूबाई फळीजवळ गेल्या. बरण्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "छान," त्या म्हणाल्या. "सगळ्या सारख्या."

मला ती शाबासकी वाटली!

बुधवारी सकाळचा चहा खारट. मी म्हटलं, होतं असं. दुपारची भाजी गोड. रात्रीच्या सुपात इतकी मिरपूड की हिला शिंका आवरेनात. गुरुवारी पुन्हा खारट चहा. न चाखता चाळीस वर्षं एक खडा मीठ चुकलं नव्हतं त्या बाईचं! ही हळूच रडवेली होऊन मला म्हणाली, "अहो, आईचं वय झालं हो. विसरायला लागली."

मग तिने भावाला स्पीकरवर फोन लावला. माझा मेहुणा म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देणारा माणूस. मग प्रश्न कळलेला असो वा नसो. "ताई, सरळ डबा लाव. आईला म्हणावं, आता आराम कर. रविवारी मी जेवायला येतो, बघतो. तसंच असेल तर सोमवारपासून डबा सुरू."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या आत गेल्या आणि उगाच ओटा पुसत राहिल्या.

त्या दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर सासूबाई फळीपुढे उभ्या. एकेक बरणी उघडत होत्या, बोट बुडवत होत्या आणि जिभेला लावत होत्या. चाखत होत्या! मला बघून त्यांनी बोट पदराला पुसलं, चोरी पकडल्यासारखं.

"पाटी आहे ना आई वर," मी म्हटलं.

"असेल हो. पुसट दिसतं मला. वर्ष झालं." मग घाईने म्हणाल्या, "डब्यांचं कसं होतं, जावईबापू, हात लावला की कळायचं. आता सगळ्या सारख्याच लागतात. पण हिला सांगू नका हं. कळलं तर गॅसपाशी उभी राहू देणार नाही. मग मी दिवसभर करू काय?"

दिवसभर करू काय! हा प्रश्न मीही महिनाभर घड्याळाला विचारत होतो. मला एकदम फार वाईट वाटलं. ज्या बाईने मला पहिल्या दिवसापासून कधी नावं ठेवली नाहीत, तिच्या बोटांखालची अक्षरं मी पुसून टाकली होती. आणि वर पाट्या लावल्या होत्या, सुवाच्य! कुणाला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला. मनाशी ठरवलं, रविवारच्या आत जुने डबे जागेवर!

शुक्रवारी भंगारवाल्याला गाठलं. नऊ डबे पडून होते. ते त्याने मला अशा भावाने विकले, की मी त्याला ‘साहेब’ म्हटलं. उरलेले तीन गेले होते. जॅमची बरणी शिंप्याकडे, कॉफीचा डबा चांभाराकडे, मधाची बाटली सायकल दुरुस्तीवाल्याकडे.

शिंप्याने बरणीत बटणं भरली होती. "विकायची नाही," तो म्हणाला. "हो, पण एखादं नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी."

मी तिथल्या तिथे नेहमीचं गिऱ्हाईक झालो. अंगावरची पँट लांबीला कमी करायला दिली. ती अजिबात लांब नव्हती!

चांभार मऊ माणूस होता. डबा देतो म्हणाला, पण त्यातले खिळे संपल्यावर. आता खिळे संपवायचे कसे? मी दोन्ही बुटांना नवे तळवे मारून घेतले. तरी मूठभर उरले. मग टाचांना मारून घेतले. सायकलवाल्याने तर सरळ विचारलं, "सायकल कुठाय?" माझ्याकडे सायकल नाही. शेजाऱ्यांची मागून आणली आणि तिचं सगळं तेलपाणी करून घेतलं. शेजारी इतके गहिवरले की त्यांनी मला घरी बोलावून विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुमचं? निवृत्तीनंतर होतं असं."

शनिवारी संध्याकाळी मी आखूड पँटीत टपटप वाजत घरी आलो. पण बारा डबे पिशवीत होते!

रविवारी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि ही दूध आणायला. मी दार लोटून कामाला लागलो. बघतो तर काय, माझ्या निळ्या झाकणांच्या बरण्यांच्या गळ्यात रबरं! कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन-चार. म्हटलं, बघा, कडी भरली तर रबरं बरण्यांवर अडकवायला लागल्या! मी ती सगळी काढून परत कडीला लावली. मग पाट्या वाचून सामान जुन्या डब्यांत ओतायला घेतलं, आणि हात थांबला.

कुठलं सामान कुठल्या डब्यात होतं?

एकतीस वर्षांचा स्टोअरकीपर, आणि जुन्या साठ्याची नोंदच केली नव्हती! पीठ मोठ्या डब्यात, ते नक्की. डाळी मापाने जमल्या. बाकीचं डोकं लावून ठरवलं. साखर महाग, ती पत्र्याच्या डब्यात सुरक्षित राहील, म्हणून कॉफीच्या डब्यात. मीठ काचेत, म्हणून जॅमच्या बरणीत. सगळं कसं तर्कशुद्ध!

सासूबाई आल्या. हात फळीवर गेला आणि चेपलेल्या डब्यावर थांबला. मग चौकोनी बरणीवर, मग खडबडीत बाटलीवर. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते. "जावईबापू," एवढंच म्हणाल्या. पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागल्या. काय तो झपाटा! मटार सोलतायत, पाला चिरतायत, पाव भाजतायत. न बघता, न चाखता. घरभर असा वास सुटला, की मला निवृत्त झाल्याचा पहिल्यांदा आनंद झाला.

बारा वाजता मेहुणा आला. पानं मांडली. त्याने सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा तिथेच राहिला.

"काय रे?" हिने विचारलं आणि स्वतः घोट घेतला. तिचा चेहरा पडला. सूप पाकासारखं गोड होतं. जेवणानंतरचा गोड शिरा मी घाईघाईने चाखला. तो समुद्र होता!

"आई," ही अगदी हळू म्हणाली, "उद्यापासून तू..."

"थांब!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की मेहुण्याच्या तोंडातला चमचा खाली पडला. "आई नाही चुकल्या! मी चुकलो! मंगळवारपासून मीच चुकतोय!" आणि मी सगळं सांगून टाकलं. भंगारवाला, शिंपी, खिळे, शेजाऱ्यांची सायकल. त्यांच्या डोळ्यांचंही तोंडातून गेलं. न सांगण्याचा शब्द दिला होता, तोही गेला.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि बरण्यांवरची रबरं?"

"ती मी काढून कडीला लावली."

"अहो जावईबापू! शुक्रवारीच बसून बांधली होती मी ती! एक रबर साखर, दोन रबर मीठ, तीन मिरपूड. कालचा चहा कसा होता?"

मी आठवलं. कालचा चहा उत्तम होता! मी आखूड पँटीच्या विचारात तो नुसता पिऊन टाकला होता.

"माहेर सोडून सासरी आले, सासर सोडून लेकीकडे आले," सासूबाई म्हणाल्या. "माणसं बदलली ती शिकले, बरण्यांचं काय घेऊन बसलात! दोन दिवस द्यायचे होते."

"आणि चार रबरं असतील, त्यात काय?" मेहुण्याने विचारलं. प्रश्न विचारायची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

"ते काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण फेकायचं नाही."

ही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "मला ठाऊक होतं गं आई. पेपर उलटा धरून बसतेस. वाटलं, विचारलं तर तुला वाईट वाटेल." मग डोळे पुसून तिने निकाल दिला. सोमवारपासून डबा नाही. सोमवारी डोळ्यांचा डॉक्टर. स्वयंपाकघर आईचं. आणि ‘हे’ फळीला हात लावणार नाहीत! मेहुण्याने दोन मिनिटांत होकार दिला आणि आम्ही सगळे शिळा पाव चहात बुडवून जेवलो. चहा सासूबाईंनी केला. चाखून.

आता डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या महिन्यात. तोवर बाजारात आम्ही दोघं जातो. मी पाट्या वाचतो, त्या अंगठा फिरवतात. दोघांचं मिळून एक गिऱ्हाईक होतं. भाजीवाली म्हणते, आता फसवायला काही वावच उरला नाही.

काल मी सहज म्हणालो, "आई, पिशवी धरण्याखेरीज माझा काही उपयोग नाही हो राहिला."

त्या कोथिंबीर, मेथी आणि कांद्याच्या पातीच्या जुड्यांची रबरं सोडवत होत्या. "हात पुढे करा," म्हणाल्या.

मी केला. त्यांनी माझ्या मनगटात रबरं चढवली. मी मोजली. बरोबर चार!