शून्य रुग्णांचा कारखाना

माणूस आजारी पडतो तो स्वतःच्या निष्काळजीपणाने, आणि ठणठणीत राहतो तो व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीने. साथीच्या काळात चित्रकोड्यांच्या कारखान्याने हे सिद्ध करून दाखवलं. घरी बसलेली जनता कंटाळून एकमेकांच्या अंगावर धावू नये म्हणून हजार तुकड्यांची कोडी 'अत्यावश्यक' ठरली होती. (ठरवणारी समिती घरून काम करत होती.)

फाटकावर ताप मोजायला मावशींना बसवलं. सूचना तीन: अंतर राखा, हसतमुख राहा (मुखपट्टीच्या आतून), आणि वहीत शंभराच्या वर आकडा लिहू नका. तापलेल्याला झाडाखाली बसवायचं आणि उतरेपर्यंत मोजत राहायचं. बहुतेक जण चौथ्या खेपेला बरे होत. रुग्ण शून्य! साहेबांनी तसा फलक लावला. शून्य जरा मोठंच काढलं.

एका सकाळी मावशींची नणंद आली. पॅकिंगमध्ये कामाला, जिभेला हाड नाही, दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ताप एकशे तीन. सहा खेपा झाल्या, आकडा हलेना.

"वहिनी, लिहा ना काहीतरी. उभं राहवत नाही हो."

वीस वर्षांत नणंदेच्या तोंडून 'हो' आलं नव्हतं. म्हणजे ताप डोक्यात गेलाच होता.

"लिहिते," त्या म्हणाल्या, आणि एकशे तीन लिहून खाली ठसठशीत सही केली. मग माल भरून निघालेला टेम्पो अडवला.

"मावशी, माल वेळेत पोचायचाय!" ड्रायव्हर ओरडला.

"खोकी उतरव. हिला दवाखान्यात पोचव आधी."

सतरा दिवसांनी नणंद घरी आली. आल्या आल्या तिने दवाखान्याच्या जेवणाला नावं ठेवली, तेव्हा मावशींना हायसं वाटलं.

इकडे चौकशी झाली. तीत निष्पन्न झालं की नणंद त्या दिवशी रजेवर होती. सबब तिला ताप आला तो खासगी. शून्य अबाधित राहिलं. साहेब तसे मनाचे मोठे. मावशींना समज देऊन ते प्रकरण मिटवणारही होते. पण त्याच वेळी एका ग्राहकाची तक्रार आली, म्हणून नाइलाजाने मावशींना विश्रांती देण्यात आली. कायमची.

तक्रार तुमचीच होती. कोडं दोन दिवस उशिरा मिळालं म्हणून तुम्ही एकच तारा दिला होता, आणि खाली लिहिलं होतं: 'या लोकांना परिस्थितीचं गांभीर्यच नाही.'