मनुष्यबळ विभागातली खार

एका जंगलात एकही माणूस राहत नव्हता. तरी तिथल्या बँकेत मनुष्यबळ विभाग होता. पाटी दुसरीकडून तयार मिळाली होती आणि ती बदलायला अर्ज कुणाकडे करायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. हसू नका बाळांनो. तुमच्या बाबांच्या ऑफिसातही अशा पाट्या असतात.

या बँकेत प्राणी आपापले बियाणे आणि कंदमुळे ठेवायला देत. साहेब होते अस्वल. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या उदमांजरबाई. त्या फार गोड बोलत. त्यांच्याशी बोलून बाहेर पडलेल्याला आपण काय मागायला गेलो होतो, हेच आठवत नसे.

त्यांच्या हाताखाली वेणू नावाची एक खार इंटर्नशिपला आली. ती वडाखालच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दोन महिने काम केल्याचे सर्टिफिकेट मिळाले, तरच तिला पदवी मिळणार होती. पहिले पाच आठवडे तिने फायलींवरच्या मुंग्या झाडल्या. अहवालात तिने त्याला 'दस्तऐवज व्यवस्थापन' म्हटले. पोरगी हुशार होती.

सहाव्या आठवड्यात उदमांजरबाई म्हणाल्या, "वेणू, यंदा आपल्याला 'सर्वात आनंदी बँक' हा पुरस्कार मिळवायचा आहे. त्यासाठी कर्मचारी आनंदी आहेत का, ते विचारावं लागतं. नियमच आहे तसा."

म्हणून वेणू सागाची पाने घेऊन निघाली. प्रत्येक पानाच्या एका बाजूला सूर्य काढला होता, दुसऱ्या बाजूला ढग. समाधानी असाल तर चिखलात पाय बुडवून सूर्यावर ठेवा, नसाल तर ढगावर. नाव लिहायचे नाही. मत गुप्त.

काउंटरवर साळिंदरकाकू होत्या. त्यांची तीन पिल्ले जवळच्याच बिळात असत. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत काकू जाऊन त्यांना पाजून येत. पण चैत्रात साहेबांनी 'ग्राहकसेवा पंधरवडा' जाहीर केला आणि जेवणाची सुट्टी रद्द झाली. आता आषाढ लागला होता. पंधरवडा चालूच होता.

काकूंनी पान उलटसुलट करून पाहिले.

"नक्की गुप्त ना गं? आमच्यात पावलावरून कोण ते ओळखतात."

"काकू, फॉर्मवर नावाचा रकानाच नाही. आणि आमच्या कॉलेजच्या पुस्तकात लिहिलंय, मत गुप्त ठेवणं हे मनुष्यबळ विभागाचं पहिलं कर्तव्य आहे."

"पुस्तकात आहे म्हणतेस?"

"पान बारा."

काकूंनी पाय बुडवला आणि ढगावर ठेवला. चार बोटे उमटली, मागे काट्यांची रेघही उमटली. मग धनेशाने ढगावर पाय ठेवला. मग सशाने. काकूंनी धीर केला म्हटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. चौदा पानांपैकी अकरा ढगाची निघाली. उरलेली तीन साहेबांची, साहेबांच्या मेहुण्यांची आणि उदमांजरबाईंची होती.

उदमांजरबाईंनी लांबूनच गठ्ठा पाहिला. दुसऱ्यांच्या चिखलाला त्या हात लावत नसत.

"छान काम केलंस हो. आता प्रत्येक पानावर नाव घाल."

"पण बाई, मत गुप्त आहे ना?"

"गुप्तच आहे. मी कुणालाही सांगणार नाही. फक्त साहेबांना सांगेन. पहिला ढग कुणाचा, एवढंच त्यांना हवंय. नदीपलीकडच्या शाखेत एक जागा रिकामी आहे, तिथे बदली करू."

नदीपलीकडे गेलेल्या काकू आठ-आठ दिवस परत येणार नव्हत्या. पिल्लांना अजून पोहता येत नव्हते.

"आणि वेणू, तुझ्या सर्टिफिकेटवर सही राहिलीय. नावं झाली की घेऊन ये."

एवढे बोलून उदमांजरबाई जेवायला गेल्या. त्यांच्या विभागात ग्राहक येत नसत, त्यामुळे त्यांची सुट्टी रद्द झालेली नव्हती.

वेणू गठ्ठ्याकडे बघत बसली. खरे सांगायचे तर तिला आधी सर्टिफिकेटच आठवले. मग काकूंचा आवाज आठवला. तिने चारही पाय चिखलात बुडवले आणि त्या अकरा पानांवर मनसोक्त नाचली. पान बारा आठवून दोन उड्या जास्तच मारल्या. काकूंची बोटे गेली, काट्यांची रेघ गेली, धनेश आणि ससाही गेले. जिकडे तिकडे खारीची पावले.

उदमांजरबाई परत आल्या. पानांकडे बघत त्यांनी बराच वेळ मिशा पुसल्या.

"हे कुणाचं मत?"

"माझं," वेणू म्हणाली. "अकराही माझी. मीच असमाधानी आहे."

"तू कर्मचारी आहेस का?"

"नाही. इंटर्न आहे."

"मग तुझं मत धरता येत नाही," उदमांजरबाई म्हणाल्या आणि अकरा पाने टोपलीत टाकली. "राहिली तीन. तिन्ही सूर्याची. शंभर टक्के! अगं, एवढं मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं."

पुरस्काराचा समारंभ भर दुपारी झाला. साळिंदरकाकू हार घेऊन दोन तास उभ्या होत्या. साहेबांनी भाषणात पंधरवडा आणखी वाढवल्याची गोड बातमी दिली. वेणूला सर्टिफिकेट मिळाले. त्यावर लिहिले होते: 'तक्रार निवारणात विशेष प्रावीण्य. बँकेच्या यशात खारीचा वाटा.'

निघताना काकूंनी तिला गाठले.

"बदली टळली गं माझी. तुझे उपकार झाले."

"काकू, पण सुट्टी..."

"असू दे. पोरं शिकतील उपाशी राहायला." काकू जाता जाता म्हणाल्या, "ते पुस्तक मात्र परत करून टाक हो."

वेणूने सर्टिफिकेट शेपटीमागे लपवले. तिला फार वाईट वाटले. मलाही वाटते, पण माझेही मत धरत नाहीत.

तात्पर्य: खऱ्याला मरण नाही, फक्त ते मोजणीत येत नाही. म्हणून बाळांनो, कुणी गुप्तपणे मत विचारले, तर हसून सूर्यावर पाय ठेवावा. आणि जेवणाची सुट्टी हवीच असेल, तर ती मागत बसू नये. मागणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागात नोकरी धरावी.