समोरच्या फ्लॅटमधली शाळा

आमच्या समोर राहणारी मृण्मयी एका सकाळी स्वतःच्याच दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी होती. वय पंधरा, अंगात गणवेश, वेण्यांना लाल रिबिनी. आईने घराबाहेर काढलं की काय, म्हणून मी चौकशी केली. तिने मान न वळवता सांगितलं की इतिहासाची सनावळी चुकली, आता तास संपेपर्यंत उभं राहायचंय. शिक्षा कोणी केली?

"मीच. शिस्त म्हणजे शिस्त, काका."

ही मुलगी कुठल्याच शाळेत जात नाही, हे आधी सांगायला हवं होतं. शाळेत मुलं कोमेजतात, असा शोध तिच्या आईबाबांना लागला आणि त्यांनी तिला घरी शिकवायचं ठरवलं. वेळापत्रक नाही, सक्ती नाही, परीक्षेचं टेन्शन तर नाहीच. बाबांच्या तोंडी सारखा एकच शब्द, 'फुलणं'. मनात आलं तर मातीकाम करायचं, नाही आलं तर छताकडे बघत पडायचं. या वयाची मुलं आईबापांवर चिडली की केस रंगवतात. हिच्या आईबाबांनी केस रंगवायची परवानगी आधीच देऊन ठेवली होती. बिचारीपुढे दुसरा मार्गच उरला नाही. तिने घरात शाळा काढली.

आता रोज सकाळी नऊला आजीच्या देवघरातली पितळी घंटा वाजते. मग प्रार्थना, नखांची तपासणी, आणि हजेरी. "रोल नंबर एक?" असा एक जाडसर आवाज येतो. "हजर, बाई," असा दुसरा, बारीक. दोन्ही आवाज तिचेच. पीटीचा तास पार्किंगमध्ये होतो. एखाद्या दिवशी भूगोलाच्या बाई 'येत नाहीत', मग ऑफ तासाला ती एकटीच दंगा करते आणि नंतर स्वतःच येऊन स्वतःला रागावते. गृहपाठ ती जिन्यात बसून करते, कारण घर म्हणजे शाळा, आणि गृहपाठ शाळेत करणं ही तिच्या मते लबाडी आहे. बाबा हल्ली 'फुलणं' हा शब्द जरा दबक्या आवाजात वापरतात.

माझं तिच्याशी वाकडं होतं ते घंटेवरून. मी ऐरोलीतल्या एका कंपनीचं काम तेव्हा घरूनच करायचो. दर तासाला घंटा वाजे आणि कॉलवर माझी तारांबळ उडे. आमच्या साहेबांची तर खात्री पटली होती की मी देवळात बसून काम करतो. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी आरती आटोपून या असं सांगितलं, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी तणतणत दार उघडलं.

ती जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसली होती. समोर पाण्याची बाटली, आणि शेजारी दुसऱ्या कोणाला बसता येईल एवढी जागा पुसून घेतलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "घरी सगळं शिकता येतं, काका. मधली सुट्टी तेवढी एकटीने होत नाही."

भांडायला गेलेला मी तिथे बसलो, तो बसलोच. दुसऱ्या दिवसापासून माझा डबाही जिन्यात जाऊ लागला. आपला डबा आपण खायचा नाही, हा तिथला कडक नियम. माझी बटाट्याची भाजी तिच्या पोटात जायची आणि तिच्या घरचे आळणी उकडलेले मूग माझ्या. मला रोल नंबर दोन मिळाला. वर्गात काका वगैरे नाही, नुसतं पाटणकर. साहेबांना मी सांगून टाकलं की या वेळी आमच्याकडे नैवेद्य असतो.

पुढे कंपनीने सगळ्यांना रोज ऐरोलीला बोलावलं. मी मृण्मयीला सांगितलं. तिने मूग चिवडत विचारलं, "रजा आहे की शाळा सोडली?" मी हसलो आणि विषय बदलला.

मी आठलाच घराबाहेर पडायचो, त्यामुळे बरेच महिने तिची हजेरी कानावर पडली नाही. परवा कंबर धरली म्हणून घरी राहिलो. नऊला घंटा झाली. मी दाराजवळच खुर्ची टेकून बसलो होतो.

"रोल नंबर एक?"

"हजर, बाई."

"रोल नंबर दोन?"

 तो बारीक आवाज म्हणाला, "बाई, पाटणकर आजारी आहे."

"अजून?"

"हो, बाई. पण येणार आहे तो. त्याचं नाव काढू नका."

 म्हणजे ही पोर रोज सकाळी माझ्यासाठी स्वतःशीच रदबदली करत होती, आणि मी तिकडे ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये आपलाच डबा आपण खात होतो. मी कंबरेला शेकाची पिशवी बांधलेल्या अवस्थेत दार उघडलं आणि तिच्या दारासमोर जाऊन मोठ्याने म्हणालो, "हजर, बाई."

 आतून जाडसर आवाज आला, पण थोडा कापरा.

"उशीर झालाय, पाटणकर. बाहेर उभा राहा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळाने दार उघडलं आणि मृण्मयी येऊन माझ्या शेजारी, तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिने काय केलं, असं मी हळूच विचारलं.

"वर्गात हसले," ती म्हणाली.