वासंतीबाईंच्या शेताची सहीशिक्क्याची नक्कल

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता अनंतराव मेहेंदळ्यांनी बायकोच्या शेताची नक्कल काढून ठेवायचं ठरवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अनंतरावांना आयुष्यात जे जे अंगाशी आलं, ते सगळं असंच कुणी न सांगता केलेलं आहे (लग्न सोडून, ते वडिलांनी सांगितलं होतं).

शेत म्हटल्यावर कुणी लगेच सातबारा डोळ्यांपुढे आणू नये. मेहेंदळ्यांच्या सात पिढ्यांत कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही पिकवलेलं नाही. वासंतीबाईंचं शेत तळहाताएवढ्या पडद्यावर होतं. मुलगा सौमित्र जर्मनीला गेला तेव्हा त्याचा हातात धरून खेळायचा जुना गेम कपाटात राहून गेला. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात कपाट आवरताना तो त्यांच्या हाती लागला. पस्तीस वर्षं भूगोल शिकवताना त्यांनी फळ्यावर शेकडो पिकं लिहिली होती, पण एकही लावून पाहिलं नव्हतं. ती हौस आता फिटली. तीन वर्षांत त्यांनी त्या पडद्यावरच्या पडीक रानात मका लावला, स्ट्रॉबेरी लावली, चौदा गाई सांभाळल्या, पाणचक्की बांधली आणि ओढ्यावर पूल घातला. जेवणं झाली, अनंतराव आडवे झाले, की दोन ते चार बाई शेतावर. त्या वेळात फोन आला तर त्या "मी शेतावर आहे, चारनंतर कर" एवढंच सांगत. त्यामुळे कोथरूडची भावजय बरेच दिवस मेहेंदळ्यांनी मुळशीला जागा घेतली असं समजून रागावलेली होती.

तर त्या मंगळवारी गेम अर्धा मिनिट अडकला. पडदा हलेना, गाई हलेनात. बाईंच्या तोंडून "गेलं की काय माझं सगळं" असं निघालं आणि अनंतराव जागे झाले. तोवर गाई पुन्हा चरू लागल्या होत्या. पण अनंतराव जे उठून बसले ते पुन्हा आडवे झाले नाहीत.

"याची प्रत कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली प्रत?"

या उत्तरावर अनंतरावांनी उशाचा चष्मा डोळ्यांवर चढवला. तेहेतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढलेला माणूस तो. ज्याची प्रत नाही ते मुळात नाहीच, हे त्यांचं अध्यात्म. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रेशनकार्डाच्या तीन प्रती होत्या, तिन्हींवर "मूळ प्रतीबरहुकूम" असं लिहून खाली सही, आणि कुठल्या कागदाची प्रत कुठल्या फायलीत आहे त्याची एक वही. त्या वहीचीही झेरॉक्स. अशा घरात तीन वर्षांची शेती विनाप्रत उघड्यावर पडली होती. बायकोला सांगून केलं तर ती काळजी करेल, म्हणून न सांगता करायचं ठरलं. (पुरुषांनी आजवर केलेला बराचसा विध्वंस बायकोला काळजी नको या उदात्त हेतूनेच झालेला आहे.)

बुधवार, गुरुवार अनंतरावांनी व्हिडिओ पाहण्यात घालवले. परदेशातला कुणी एक हसरा मुलगा बारा मिनिटांत सगळं दाखवत होता. गेमच्या पोटात एक मेमरीची चिप असते. तिच्याजवळच्या चार बिंदूंवर केसासारख्या चार तारा सोल्डर करायच्या, तारांची दुसरी टोकं कार्ड रीडरला जोडायची, की कॉम्प्युटरला तो गेम म्हणजे एक साधं मेमरी कार्ड वाटू लागतो. मग आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. मुलगा हे हसत हसत करत होता. हसत काम करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये हे अनंतरावांना कचेरीत पक्कं ठाऊक होतं, पण निवृत्तीनंतर माणूस सैलावतो.

शिवाय सोल्डरिंग त्यांना परकं नव्हतं. कॉलेजात असताना त्यांनी पत्राने शिकायचा रेडिओचा कोर्स केला होता आणि स्वतःच्या हाताने एक रेडिओ जोडला होता. त्यावर पुणे केंद्र स्वच्छ ऐकू येई, फक्त ऐकणाऱ्याला एक हात खिडकीच्या गजाला लावून उभं राहावं लागे.

शनिवारी वासंतीबाई वाघोलीला गेल्या. भाची उत्कर्षाचं डोहाळजेवण होतं. धायरीहून वाघोलीला जाऊन यायचं म्हणजे तेवढ्या वेळात शहाणा माणूस महाबळेश्वर पाहून येतो, त्यामुळे सहा वाजेपर्यंत मैदान मोकळं होतं. बाईंची रिक्षा वळली आणि अनंतरावांनी माळ्याला शिडी लावली. जुनं सोल्डरिंग आयर्न सापडलं. त्याचं टोक अंगठ्याएवढं जाड होतं. मदतीला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदर लेल्यांना बोलावलं. लेले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हयातभर तारा जोडल्या होत्या. त्या करंगळीएवढ्या जाड होत्या आणि खांबावर होत्या ही गोष्ट वेगळी, पण तार ती तार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मागचं झाकण उघडलं. आत हिरव्या पाटीवर एवढं काही ठासून भरलं होतं की दोघांनीही आदराने हात मागे घेतले. लेल्यांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, अनंतरावांचं पुढच्या महिन्यात ठरलेलं. दोघांत मिळून दोन डोळे धडपणे भरत नव्हते.

"बिंदू कुठाय?" लेल्यांनी भिंगातून पाहत विचारलं.

"तो काय."

"ती धूळ आहे."

अनंतरावांनी फुंकर मारली. लेले बरोबर होते, ती धूळ होती. खरे बिंदू तिच्यापेक्षा लहान निघाले, खसखशीच्या दाण्याएवढे. आयर्नचं टोक कानशीने घासून बारीक करण्यात पाऊण तास गेला. जुन्या इअरफोनच्या पोटातून तारा काढल्या. पहिली तार चिकटली तेव्हा लेल्यांनी पाठीवर थाप मारली, त्यामुळे ती सुटली. त्यानंतर पाठीवर थाप मारायची नाही असं ठरलं. दीड वाजेपर्यंत चारही तारा जागेवर होत्या, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही इतका आनंद निवृत्तीनंतर प्रथमच झाला होता.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण व्हिडिओतल्या मुलाने तारा हलू नयेत म्हणून त्यांवर गोंदाचा एक ठिपका ठेवला होता. तसला गोंद घरात नव्हता. घरात होती लाख. अभिलेख कक्षातून निवृत्त होताना अनंतरावांनी आठवण म्हणून लाल लाखेच्या दोन कांड्या आणल्या होत्या. शिवाय, तेहेतीस वर्षांची सवय. महत्त्वाचा ऐवज लाख लावल्याशिवाय मोकळा सोडायला हात धजेना. मेणबत्तीवर कांडी धरली आणि चिपच्या बाजूने, तारांवर, जराशी पलीकडेही, असा ऐसपैस ठिपका पडला. तो थंड व्हायच्या आत अनंतरावांनी त्यावर सवयीने शिक्का मारला. शिक्का कचेरीत जमा केलेला असल्यामुळे अंगठ्याने मारला. अंगठ्याला टम्म फोड आला.

कॉम्प्युटरला जोडल्यावर मात्र नवल घडलं. पडद्यावर खरोखरच एक नवीन डिस्क दिसली. "ही डिस्क फॉरमॅट करू का?" असं कॉम्प्युटरने विचारलं, त्याला व्हिडिओतल्या मुलाने बजावल्याप्रमाणे नको म्हणायचं होतं, तेही अनंतराव न चुकता म्हणाले. चाळीस मिनिटांत सगळी चिप एका फाइलीत उतरली. त्या फाइलीच्या तीन प्रती झाल्या: एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक लेल्यांच्या पेनड्राइव्हवर (घराला आग लागली तर). पेनड्राइव्ह घातलेल्या पाकिटांवर "मूळ प्रतीबरहुकूम" लिहून सही झाली. लेल्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.

राहिलं होतं फक्त झाकण लावणं. ते बसेना. खाली लाखेचा डोंगर होता. अनंतराव म्हणाले की थोडी लाख खरवडू. लेले म्हणाले की टेलिफोन खात्यात डब्याचं झाकण बसलं नाही तर दाबायची पद्धत होती. दाबलं. आतून "कट्" असा आवाज आला आणि झाकण अगदी झकास बसलं. बटण दाबलं. पडदा काळा. धरून ठेवलं, तरी काळा. चार्जर लावला, तरी काळाच. लेल्यांना अचानक आठवलं की त्यांना डोळ्यांत थेंब घालायचे आहेत, आणि ते आपली प्रत घेऊन खाली गेले.

अनंतराव एकटे त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. बायको तीन वर्षं रोज दुपारी तिथे जात होती. मुलगा गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा तिने ते शेत धरलं होतं आणि एकदाही तक्रार केली नव्हती. हे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी त्यावर लाख ओतली होती.

सव्वासहाला वासंतीबाई आल्या. त्यांनी माळ्याला लावलेली शिडी पाहिली, लाखेचा वास घेतला, नवऱ्याचा अंगठा पाहिला, आणि पर्स न ठेवताच खुर्चीत बसल्या.

"काय केलंत?"

"बॅकअप घेतला."

"कशाचा?"

"तुझ्या शेताचा. तीन प्रती आहेत."

"आणि शेत?"

अनंतरावांनी सहीचं पाकीट पुढे केलं. "ते प्रतींमध्ये आहे," ते म्हणाले.

बाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आमटी केली, वाढली, आणि रविवारभर घरात फक्त भांडी बोलत होती. ती नेहमीपेक्षा स्पष्ट बोलत होती. अनंतरावांनी दोनदा प्रतींचं महत्त्व समजावून सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन ते बंद केलं. दोन वाजता बाई सवयीने कपाटापाशी गेल्या आणि तशाच परत आल्या.

सोमवारी दोघं शनिवार पेठेत गेली. तिथे असल्या वस्तू दुरुस्त करणारी ऋचा नावाची मुलगी बसते असं बाईंनी शाळेतल्या मैत्रिणीकडून समजून घेतलं होतं. काउंटरवर पाटी होती: "वस्तू आधी घरी उघडली असल्यास तसे सांगावे. आम्हाला कळतेच." अनंतरावांनी ती पाटी वाचली नाही असं दाखवलं. ऋचाने झाकण उघडलं, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"काका, यात लाख आहे."

"तारा हलू नयेत म्हणून."

"आणि लाखेवर अंगठा आहे."

"तो सवयीने," अनंतराव म्हणाले.

मुलगी पुण्याचीच होती, तिने पुढे विचारलं नाही. आतल्या हिरव्या पाटीला तडा गेलाय, यंत्र पुन्हा चालू होईलच असं सांगता येत नाही, एवढं तिने सांगितलं. वासंतीबाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. यंत्राचं काही नाही, त्या म्हणाल्या, फक्त माझं शेत मिळेल का तेवढं बघ. आवाज शाळेतल्या बाईंचा राहिला नव्हता. अनंतरावांनी दुकानाबाहेरच्या रहदारीकडे पाहिलं.

"गेमची कार्ट्रिज कुठाय याची?" ऋचाने विचारलं. "मागे खाचेत बसते ती. एवढीशी चौकोनी."

अनंतरावांनी शर्टाच्या खिशात हात घातला. चष्म्याचं फडकं, बसचा पास आणि सुपारीची पुडी यांच्यामधून एक करडी टिकली निघाली. "ही का? ही मध्ये येत होती म्हणून मी शनिवारीच काढून ठेवली."

ऋचाने ती घेऊन आपल्या दुकानातल्या दुसऱ्या गेममध्ये सरकवली. कोंबडा आरवला. पडद्यावर सकाळ झाली होती, पाणचक्की फिरत होती आणि चौदाही गाई दूध काढायची वाट पाहत उभ्या होत्या. वासंतीबाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. अनंतरावांच्या छातीवरची शिळा उतरली. त्यांना खरंच रडू येईल असं वाटलं, पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"खेळणाऱ्याचं सगळं या टिकलीतच साठतं काकू," ऋचा सांगत होती. "चिपशी काही संबंध नाही."

अनंतरावांना जरा वेळाने याचा अर्थ लागला. "मग मी नक्कल केली ती कशाची?" त्यांनी विचारलं.

"पडद्याचा उजेड किती, आवाज किती आणि आजची तारीख. असल्या सेटिंगची." अनंतरावांनी पुढे केलेला पेनड्राइव्ह तिने कॉम्प्युटरला लावून फाइल नुसती बघितली आणि काढून परत दिली. "फाइल उत्तम निघालीय मात्र. कामाची नाही, पण उत्तम."

या कौतुकाचं काय करावं ते अनंतरावांना कळेना. निदान आता तरी बायकोच्या शेतात रस घ्यावा म्हणून ते तिच्या खांद्यावरून वाकले. तीन वर्षांत त्यांनी हे प्रथमच केलं. बाई बोटाने मक्याच्या रांगांतून चालल्या होत्या. रांग संपते तिथे एक बुजगावणं उभं होतं. त्याला चष्मा होता, पांढरा सदरा होता, आणि वर छोट्या पाटीवर इंग्रजीत नाव होतं: अनंत. अनंतरावांना एकदम भरून आलं. ते झोपलेले असताना बायको रोज दुपारी त्यांना बरोबर घेऊन शेतावर जात होती.

"अगं, हा मी?" ते हळूच म्हणाले.

"तुमची प्रत आहे ती," वासंतीबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दिवसभर एका जागी उभी असते, कशाला हात लावत नाही. मूळ गहाळ झालं तरी माझं काही अडायचं नाही."