भाट्याचा साहेब जाता जाईना

"एक शब्द नाय?" फौजदारांनी पुन्हा विचारलं.

"नाय रावसाहेब. नुसता नाच. मुंबईत याला ब्याले म्हणतात," आप्पा म्हणाला.

मुंबईला नाटकगृहाच्या दारावर असताना आप्पाने गोऱ्यांचा एक ब्याले फटीतून पाहिला होता आणि तेव्हाच हेरलं होतं, की ज्या खेळात शब्दच नाहीत, त्याच्या संवादांची वही सरकार मंजुरीला मागणार कशी? म्हणून १९३१ सालच्या शिमग्यात भाट्ये गावच्या खेळ्यांनी कंपनी सरकारचा इतिहास नाचून दाखवायचा आणि शेवटी साहेबाला गलबतात घालून हाकलायचं ठरलं. आप्पा तर गावकीत बोलून बसला होता, "साहेब गेला नाय, तर जन्मात पायांत चाळ बांधणार नाय!"

साहेबाचं काम शिवाकडे होतं. शिवा आजवर संकासुर नाचलेला. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. शिमग्यात घरोघर त्याला नवस बोलतात. आप्पाने त्याच्या तोंडाला पांढरं फासलं, टोपी बदलली. पाय तेवढे बदलायचे राहिले. "साह्यबाची पावलं मना कुटं ठावं?" शिवा म्हणाला होता. "येतात तीच नाचतो."

खेळाच्या रात्री पहिल्याच गिरकीला लोकांनी संकासुर ओळखला. सगुणाने पुढे होऊन पायाशी नारळ ठेवला. मग रीघच लागली. यमुनाबाईने तर आजारी नातू साहेबाच्या हातात दिला. भारतमाता झालेला विठू लुगडं सावरत त्याला गलबताकडे ढकलू लागला, तशा बायका ओरडल्या, "विठ्या, हात लावू नको! आमचा नवस हाय!"

"शिवा, जा की रं!" पडद्याआडून आप्पा कुजबुजला.

"जाऊ कसा? मानसं सोडीत नायत. नि ह्ये नारळ?"

आप्पाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. साहेब तलवारीच्या जोरावर आला, असं तो सगळ्यांना शिकवत आला होता. इथे तलवार तर कमरेलाच होती. नारळ आपणच ठेवतो, पोर आपणच हातात देतो, आणि मग विचारतो, हा जात का नाही? इतका खरा इतिहास नाचायचं त्याच्या मनातही नव्हतं.

एवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची आपटली. फौजदार लालबुंद होऊन वर चढले. "सरकारी साहेबाचं माकड करता?" त्यांनी शिवाच्या हातातलं पोर हिसकून भारतमातेला दिलं आणि शिवाची मानगूट धरून त्याला गलबतात कोंबलं. "चल, नीघ! पुन्हा या मुलखात दिसलास तर याद राख!"

मग जी टाळी पडली, ती खाडीपलीकडे ऐकू गेली.

आठवड्याने हर्ण्याचा धाकू आमंत्रण घेऊन आला. "आप्पानु, खेळ आमच्याकडंही करा. पन शेवटचा फौजदार तोच पायजे हां. तसा दुसऱ्यास जमायचा नाय."

आप्पा चाळ पुसत होता. "त्यांस मंडणगडास धाडलंनी," तो म्हणाला. "सरकारने चौकशी केलीन. अख्ख्या खेळात बोलला तो एकच मानूस निघाला."