ऑडिटरची पत

"या घरात उधारीवर आलेली एक टाचणी जरी कुणी दाखवली, तर ही मिशी उतरवून देईन!"

ऑडिटर हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी म्हणत आणि म्हणताना बसलेले असत ते आपल्या आरामखुर्चीत. खुर्ची मोठी झोकदार होती. रुंद हात, उंच पाठ, पाय टेकायला खालून ओढून काढायची फळी. सोळा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले त्या दिवशी, "साठवलेल्या पैशांतून आणली हो," असं म्हणून बायकोने ती त्यांच्यापुढे ठेवली होती. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासून माणूस घरी बसला, पण गल्ली त्यांना ऑडिटरच म्हणत राहिली. आणि खोटं कशाला बोला, ते वागतही तसेच. दर महिन्याच्या शेवटी घरखर्चाची वही तपासायचे, लाल पेन्सिलीने खुणा करायचे आणि एकाच जागी अडायचे.

"अगं, दोन माणसांना एवढी भाजी लागते?"

"ताजी घेते मी," बायको म्हणायची आणि विषय मिटायचा.

मिशीच्या त्या वाक्यातला टोमणा समोरच्या दारासाठी असे. समोर उद्याराव राहत. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. पैसे मागायला कुणीही येवो, त्यांचं उत्तर एकच असे: "उद्या!" म्हणून ते उद्याराव. ऑडिटरांची छत्री त्यांच्याकडे सात वर्षं होती.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना ऑडिटरांची बायको न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता वर्षभर कपडे पिळायचे नाहीत."

कपडे धुवायला एक बाई येत होती. पण ती कपडे असे टाकून जायची की दोरीखाली तळं साचायचं. एकदा वाचनालयातून लवकर परत आलेल्या ऑडिटरांनी पाहिलं, तर बायको ओठ दाबून, डाव्या हाताने आणि दातांनी त्यांच्याच शर्टाची बाही पिळत होती. ते आल्या पावली मागे फिरले आणि जिन्यात जरा वेळ उभे राहिले. वॉशिंग मशीन आणायचंच!

मशीनची किंमत बावीस हजार. पैसे होते, पण मुदतठेवीत. ठेव पिकायला आठ महिने होते आणि मुदतीआधी ठेव मोडणं ऑडिटरांच्या मते पापातच मोडत होतं. तेवढ्यात चौकातल्या मोठ्या दुकानाचं पत्रक हाती आलं: 'खाते उघडा, बिनव्याजी हप्त्यांनी न्या.' ऑडिटरांनी कागदावर आकडे मांडले. हप्ते बिनव्याजी, ठेवीवर मात्र व्याज चालूच! "ही उधारी नव्हे," ते स्वतःला म्हणाले, "हा हिशेब आहे!" आणि बायकोला मशीन दारात आल्यावरच कळू द्यायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे रोज वाचनालयात पेपर वाचायला जायच्या वेळेला, ते दुकानात हजर झाले. खात्यांच्या काउंटरवर साखळीचा चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी नाव-पत्ता संगणकात घातला आणि म्हणाल्या, "झालं काका, खातं उघडलं. तुमची मर्यादा दोन हजार."

"वीस म्हणालात ना?"

"दोन."

"बाई, मी आयुष्यात कुणाची पै ठेवलेली नाही!"

"तोच तर घोळ आहे ना, काका! तुम्ही कधी उधार घेतलंच नाही, मग तुम्ही फेडता की बुडवता हे संगणकाला कळणार कसं? त्याला तुम्ही दिसतच नाही."

"हा काय उभा आहे मी ढळढळीत!"

"मला दिसताय. त्याला नाही दिसत."

"वरिष्ठांना बोलवा!"

"वरिष्ठ मीच आहे."

ऑडिटरांनी तिथेच उभ्याने तीन प्रतींत तक्रार लिहिली. बाईंनी शांतपणे तिन्हींवर 'मिळाले' असा शिक्का मारला. मागे रांग वाढत होती. रांगेतून एक ओळखीचा आवाज आला, "काय ऑडिटर, अडलंय का काही? बाई, तोवर माझी मर्यादा सांगा बघू."

"एकाहत्तर हजार," बाई म्हणाल्या.

ऑडिटरांनी काउंटर घट्ट धरला. "ह्यांची? एकाहत्तर? अहो, माझी छत्री..."

"त्यांचा इतिहास आहे, काका."

"इतिहास तर आहेच! अख्ख्या गल्लीला पाठ आहे!"

"उशिरा भरतात, पण दंडासकट भरतात. दुकानाला असं गिऱ्हाईक फार आवडतं."

न्याय नावाची गोष्ट जगात उरली नाही, असं ऑडिटरांना त्या क्षणी वाटलं, आणि मलाही त्यांचंच म्हणणं पटतं. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी उपाय सांगितला. दोन हजारांच्या आतलं काहीतरी उधार न्यायचं, तीस दिवस बाकी ठेवायची आणि बरोबर तिसाव्या दिवशी भरायची. मग मर्यादा पंचवीस हजार. आधी भरलं तर मात्र तो रोखीचा व्यवहार धरतात आणि पहिले पाढे पंचावन्न.

"एवढंच ना?" म्हणत ऑडिटरांनी एक बल्ब उधार घेतला.

घरी जाऊन बल्ब लावला. बटण दाबलं. त्या उजेडात त्यांना कसंतरीच व्हायला लागलं. फुकटच्या उजेडात बसल्यासारखं! संध्याकाळी पाचला ते काउंटरवर पैसे घेऊन उभे. पुढच्या आठवड्यात टॉर्च नेली. दोन दिवस कसेबसे काढले, तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर!

"काका," काउंटरवाल्या बाईंनी चक्क हात जोडले, "पाया पडते तुमच्या, पैसे भरू नका!"

छत्तीस वर्षांत ऑडिटरांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी कानाला खडा लावला आणि अठराशे पन्नासची इस्त्री उचलली. या वेळी तीस म्हणजे तीस!

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुकानाचा वॉचमन त्यांच्याकडे पाहून हसला. तो सगळ्यांकडेच पाहून हसतो, त्याची नोकरीच ती. पण ऑडिटरांना वाटलं, ह्याला कळलंय! तेव्हापासून दुकानावरून जायचंच बंद. समोर पाच मिनिटांवरचं वाचनालय, पण ते तीन गल्ल्या वळसा घालून, मागच्या भिंतीच्या कडेकडेने जायला लागले. बाजारात काउंटरवाल्या बाई दिसल्या तर भोपळ्यांच्या ढिगामागे बसले. जेवण उतरेना. शेवटी त्यांनी अभिमान गिळला आणि समोरचं दार वाजवलं.

"उद्याराव, एक विचारू? झोप कशी लागते हो तुम्हाला?"

"डाव्या कुशीवर."

"तसं नव्हे. एवढी देणी असताना?"

उद्यारावांनी त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि गुरुमंत्रही दिला. "ऑडिटर, तोंड लपवायचं नाही. दुकानदार समोरून आला की आपणच आधी ओरडायचं, 'काय हो, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!' तो बिचारा ओशाळतो." ऑडिटरांना हे काही जमण्यासारखं नव्हतं. पण निघताना कोपऱ्यात त्यांना आपली छत्री दिसली, आणि कधी नव्हे ते मागावीशी वाटली नाही.

आता इकडे घरात काय चाललं होतं ते ऐका. विसाव्या दिवशी बायकोने धुवायला टाकायचा शर्ट चाचपला, तर खिशात चिठ्ठी: 'थकबाकी १,८५०.' ह्यांची थकबाकी? जो माणूस वाण्याकडून सुटे पैसे यायचे राहिले तरी अस्वस्थ होतो, त्याची? नवरा जेवत नाही, रस्ता चुकवून जातो, हे तिने पाहिलेलं होतंच. ती समोर विचारायला गेली.

"वहिनी, मी सांगू नये," उद्याराव आवाज उतरवून म्हणाले, "पण माणूस खोल पाण्यात आहे. देणी असताना झोपायचं कसं, हे मला विचारत होता!"

अठराशेसाठी कुणी झोप उडवून घेतं का? ही नुसती एक चिठ्ठी सापडलेली, बाकीच्या किती असतील देव जाणे, असा बायकोने हिशेब केला. ऑडिटरांची बायको ती! त्याच दिवशी तिने कपडे धुणाऱ्या बाईला रजा दिली. "तिला दुसरीकडे काम मिळालं," असं घरात सांगितलं आणि डाव्या हाताने स्वतः धुवायला बसली.

ऑडिटरांनी ते पाहिलं आणि बादली हिसकावून घेतली. मग रोज सकाळी गल्लीला नवं दृश्य दिसायला लागलं. ऑडिटर न्हाणीघराच्या दारात फतकल मारून चादरी आपटताहेत आणि तोंडाने पुटपुटताहेत, "बावीस झाले, आठ राहिले... तेवीस झाले, सात राहिले..." बायको दाराआडून ऐकायची. तिला वाटे, एवढे सावकार फिटले आणि एवढे राहिले! ती पदराने डोळे टिपायची.

तिसाव्या दिवशी ऑडिटरांनी नव्या इस्त्रीने शर्टाला कडक इस्त्री केली. सुटे मोजून घेतले. दुकानाच्या समोरच्या दारातून, ताठ मानेने आत गेले आणि वॉचमनकडे पाहून आपणच आधी हसले.

"अठराशे पन्नास," त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले. "आज तिसावा दिवस!"

बाईंनी संगणक पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"काका, बाकी शून्य आहे. काल कुणीतरी भरून गेलंय, माझ्या जेवणाच्या सुट्टीत."

"काल? म्हणजे..."

"एकोणतिसावा दिवस. रोखीचा व्यवहार. मर्यादा दोन हजार."

ऑडिटर मटकन जवळच्या स्टुलावर बसले.

"काका, ते विकायचं आहे," बाई हळूच म्हणाल्या.

घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"काल दुकानात तू पैसे भरलेस?"

"हो, भरले! तुमच्या खिशात चिठ्ठी सापडली. आता लपवू नका. एकूण किती आहे? माझ्या बांगड्या आहेत, आपण दोघं मिळून फेडू. पण तुम्ही असं तोंड लपवून फिरू नका हो, मला नाही बघवत!"

ऑडिटर उंबऱ्यावरच टेकले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीन, मर्यादा, बल्ब, भोपळे. "तुझा हात बघवत नव्हता गं मला. म्हणून म्हटलं, तीस दिवस उधारीत काढतो."

"माझ्यासाठी?" बायको म्हणाली. "तुम्ही? उधारीत? तीस दिवस?" ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग नाक पुसून तिने चपला घातल्या. "चला."

"कुठे?"

"दुकानात. मागाहून ओरडायचं नाही, एवढं आधी कबूल करा."

काउंटरवाल्या बाई तिला पाहताच उठून उभ्या राहिल्या. "या ताई! बऱ्याच दिवसांनी? हात कसा आहे?"

"बरा आहे. मशीन न्यायचंय. माझ्या खात्यावर चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तुमची मर्यादा पंच्याऐंशी हजार. एकोणीस वर्षांत एक हप्ता चुकला नाही, की एक दिवस आधी भरला नाही!" बोलता बोलता बाईंची नजर ऑडिटरांवर गेली आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे ताईंचे 'ते' तुम्ही?"

"ते म्हणजे?"

बाईंनी ओशाळत संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. खात्याच्या वरच्या बाजूला लाल अक्षरांत सूचना होती: 'घरी फोन करू नये. सामान सकाळी अकरा ते बारा, "ते" कचेरीत (आता वाचनालयात) असताना पोचवावे.' खाली यादी होती. फ्रिज. दोन पंखे. मिक्सर. गादी. भिंतीवरचं घड्याळ. ऑडिटर एकेक ओळ वाचत गेले आणि त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

"पण घरची वही तर मी दर महिन्याला तपासतो!"

"तपासता ना," बायको खाली बघत म्हणाली. "सगळं 'भाजी'त आहे."

"मग मशीन तूच का नाही घेतलंस इतके दिवस?"

"एक संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, हा माझा नियम. अजून एका वस्तूचे दोन हप्ते राहिलेत."

"कुठल्या वस्तूचे?"

बायकोने पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. ऑडिटरांनी यादीची शेवटची ओळ वाचली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. ऑडिटर वाचनालयात गेले नाहीत, दारात उभे राहून त्यांनी ते उजळ माथ्याने उतरवून घेतलं. संध्याकाळी आत कपडे फिरत होते, बायको हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली होती आणि ऑडिटर पेपर घेऊन खिडकीशी उभे होते.

"अहो, बसा की!"

"नको. अजून आपली झालेली नाही ती."

"मिशी नाही मागत मी तुमची. बसा!"

ऑडिटरांनी पेपर खाली ठेवला आणि खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. अठरा हप्त्यांपैकी सोळा फिटले होते. म्हणजे राहिला नववा भाग. त्यांनी बोटांनी बैठकीची रुंदी मापली, डावीकडे चार बोटं जागा दुकानाची म्हणून सोडली आणि उरलेल्या खुर्चीत अंग चोरून बसले.