कॅमेऱ्यानं उतरवलेला घाट

सासुरवाडीत जेवताना माणसानं तोंड फक्त घास घालण्यापुरतं उघडावं. हा नियम फुलसावंगीच्या कमलाकरभाऊंनी मोडला आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

त्यांचा धाकटा साडू इंद्रजीत कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळायचा. भरलेला ट्रक घाटातून खाली उतरवायचा. इंद्रजीतला चार मिनिटं दहा सेकंद लागत, आणि ते तो पंगतीत सांगत होता. कमलाकरभाऊ म्हणाले, "हट्, मी चारच्या आत उतरवतो." (उतरवला होता. एकदाच. साक्षीला दुकानातली पाल होती.)

इंद्रजीत गोड हसला. "मग भाऊ, मितालीच्या साखरपुड्याच्या आत व्हिडिओ दाखवा. नाही जमलं तर त्या दिवशी पंगतीत उभं राहून म्हणा, फेकलं होतं."

मिताली म्हणजे धाकटी मेहुणी, आणि साखरपुडा येत्या रविवारी. थोरल्या जावयाची अब्रू चार दिवसांवर आली.

भाऊंचं पाइप-स्प्रिंकलरचं दुकान. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर त्यांनी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. ते सुरू होताच ट्रक असा चालायला लागला, जणू पुढे बँडवाले नाचताहेत आणि आत नवरदेव बसलाय. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वाहिदभाईंना बोलावलं. त्यांनी उघडं होतं ते सगळं बंद केलं, चित्र फिकं केलं, घाटातली झाडं काढली. डोंगर बोडका झाला, पण वरात काही पुढे सरकेना.

"भाऊ," वाहिदभाई चहा संपवत म्हणाले, "एकच बैल. त्यालेच वखर ओढाले लावता, अन् वरून म्हणता, मागं पाह्यत चाल, किती ओढलं ते लिहून ठेव. कसा चालंल तो? लिहाले दुसरा गडी पाह्यजे."

व्यापाऱ्याला 'दुसरी मशीन लागेल' म्हटलं, की तो आधी घरातलाच माळा धुंडाळतो. भाऊंची नजर वर गेली. केबिनच्या कोपऱ्यात सीसीटीव्हीचा कॅमेरा! त्याचं रेकॉर्डिंग वेगळ्या डब्यात होतं. कॉम्प्युटरवर तसूभर भार नाही. भाऊ स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्याची मान सरळ कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे वळवली. स्वतःच्या अकलेवर ते इतके खूश झाले, की आपण स्टुलावर उभे आहोत हेच विसरले आणि थेट जमिनीवर उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नोकर रामलालला बजावलं, की गिऱ्हाइकांना सांग, कॉम्प्युटर बंद आहे, बिल होत नाही, बसा. बायकोला, म्हणजे सुहासिनीवहिनींनाही, फोनवर हेच कारण सांगितलं. त्यांना साडी घ्यायला पुसदला न्यायचं होतं. मग दार लावून घेतलं आणि ट्रक काढला.

पहिला ट्रक दुसऱ्या वळणावर दरीत गेला. दुसरा पहिल्याच. सातवा नदीत, बारावा देवळाच्या पायऱ्यांवर. मधूनच बाहेरून "अरारारा" असा सामुदायिक सुस्कारा ऐकू येई. भाऊंना वाटलं, क्रिकेटची मॅच असेल, आपल्या लोकांचा खेळ वाईट चाललाय.

एकेचाळिसावा ट्रक मात्र लोण्यासारखा उतरला. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद! भाऊ खुर्चीतून उठले तोच बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. एकानं शिटी मारली.

भाऊंनी दार उघडलं. दुकानात तीसेक माणसं, सगळ्यांची तोंडं भिंतीवरच्या टीव्हीकडे. हा टीव्ही भाऊंनी स्वतःच टांगला होता. कॅमेऱ्याला दिसतं ते गिऱ्हाइकांना दिसावं, म्हणजे चोराला धाक बसतो. पहिल्या रांगेत पाइपच्या गुंडाळीवर जुनं गिऱ्हाईक धावजीकाका, आणि त्यांच्या शेजारी, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, सुहासिनीवहिनी.

"बंद कॉम्प्युटर लय भारी चालते तुमचा," धावजीकाका म्हणाले. "म्या सकाळी एक नळी न्याले आलतो. आता जेवूनच जातो."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही... कवा आल्या?"

"तिसऱ्या ट्रकपासून हावो."

पण अब्रू वाचली. वाहिदभाईंनी कॅमेऱ्याच्या डब्यातून तेवढा तुकडा काढून दिला, तो इंद्रजीतला गेला, आणि त्यानं मोठ्या मनानं अख्ख्या घराच्या ग्रुपवर लिहिलं, 'मानलं भाऊ, घाटाचे राजे तुम्हीच.' भाऊंनी तो मेसेज गावातल्या चौदा जणांना वाचून दाखवला. पुसदहून साडीही आली (दोन आल्या, राजाला एवढं भोगावंच लागतं).

रविवारी साखरपुड्याला निघताना राजांनी ऐटीत गॉगल लावला, स्कूटर बाहेर काढली. वहिनींनी हात पुढे केला.

"चाबी द्या."

"काहून?"

"चाळीस ट्रक पाडले तुम्ही. मागं बसा, अन् पेढ्याचा बॉक्स नीट धरा."

धावजीकाकांसह सगळा बाजार बघत होता. राजे मागं बसले, मांडीवर बॉक्स. वहिनींनी गाडी अशी पळवली, की प्रत्येक वळणावर भाऊंच्या दोन्ही हातांची बोटं पेढ्याच्या बॉक्सवर आपोआप ब्रेकचं बटण दाबत राहिली.

साखरपुड्यात सासूबाईंनी बॉक्स उघडला, आत बघितलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, जावईबापूंनी वड्या आणल्या."